भिंतीपलीकडची ठकठक

मी नागपूरची. उत्तरेकडची आमची वस्ती, मागच्या दारातून मालगाडीचे डब्बे दिसत. बाप गिरणीत होता, माय लोकाईच्या घरची धुणीभांडी करे, आन आमी पाच बहिणी. मी मॅट्रिक झाली तं घरात पेढे वाटले होते. मंग आंगनवाडीत लागली, सेविका म्हनून. सव्वीस वर्षं केली नोकरी. काम काय सांगू तुमाले, लेकराईले खिचडी चारायची, वजन करायचं, रजिस्टर भरायचं, आन सगळ्यात मोठं काम म्हंजे जे लेकरू आलं नाई त्याच्या घरी जायचं. खिचडी चढवली का मी डोकी मोजे, कोन कमी हाये ते पाहे, आन चप्पल घालून निघे. दार ठोकायचं, काऊन वं, पोट्टी काऊन नाई धाडली? तवा समजे, कोनाले ताप हाये, कोनाची माय माहेरी निघून गेली, कोनाच्या घरी चूलच पेटली नाई. सव्वीस वर्षं मी लोकाईचे दारं ठोकले बाई, मले त्याची लाज नाई वाटली कधी. हे लिहून ठेवा, पुढं लागन.

आन हेबी लिहा. नवीन लग्न झालं तवा आमी दुसऱ्या भागात एक खोली भाड्यानं घेतली होती. मी सुकट भाजली का घरमालकीन जिन्यात येऊन उभी राहे, नाकाले पदर लावून. काय शिजवून राह्यल्या वं आज, म्हने. एक दिवस म्हने, खोली खाली करा, आमचे पाहुने येनार हाये. पाहुने कोनी आले नाई, दुसरे भाडेकरी आले. तिले आमचं आडनाव उशिरा समजलं होतं, इतकंच. पन तवापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट बसली ते बसलीच, वास आला का तो आपलाच, आवाज झाला का तो आपलाच, कोनी कावलं तं चूक आपलीच असन. हे गेले तवा मी साठीची होती. मंग प्रशांत, माझा पोरगा, कंप्युटरमधी हाये, तो म्हने आई, एकटी काऊन राह्यतं, चाल आमच्याकडे. आली मी सातासमुद्रापार, या स्कारबरोले, नवव्या मजल्यावर.

पह्यला धक्का कशाचा बसला सांगू? थंडीचा नाई. बंद दाराईचा. पंधरा दारं एका कॉरिडॉरमधी, आन सारे बंद. मी म्हटलं प्रशांत, हे सारे लोक गावाले गेले काय रे? तो हासला. पोरगा ऑफिसले जाये, सून स्वाती ऑफिसले जाये, नातीन मिही शाळेत, मी आन फ्रिजची घरघर. एकडाव मी खीर केली, वाटी घेऊन बाजूच्या दारात गेली, तं प्रशांत संध्याकाळी म्हने आई, असं कोनाच्या दारात नाई जायचं, इथं लोकाईले प्रायव्हसी लागते, आधी फोन करावा लागते. म्हटलं मले नंबर मालूम नाई, नाव मालूम नाई, फोन कोनाले करू? तो म्हने म्हनूनच नाई जायचं.

त्या बाजूच्या घरात एक म्हातारा राहे, गोरा, एकटाच, लाल टोपीवाला. लिफ्टमधी भेटला का म्हने, कोल्ड. मी म्हनो, व्हेरी. तीन वर्षं आमची वळख म्हंजे हे दोन शब्द.

मी चटनी खलबत्त्यातच कुटते, मिक्सरमधी तिचा जीव जाते. एक दिवस सकाळी सातले कुटून राह्यली होती तं भिंतीतून ठकठक आली, तीनडाव. मंग दाराखालून एक चिठ्ठी सरकली. मिहीनं वाचून सांगतलं, आजी, ही इज सेइंग प्लीज डोन्ट पाउंड सो अर्ली. मले इतकी शरम वाटली, मले वाटलं आता हे घर सोडा म्हनते काय. त्या दिवसापासून मी खलबत्त्याखाली टॉवेल चार घड्या करून ठेवे, आन अकराच्या आधी हातच लावत नव्हती.

आता जे सांगते ते मी कितीकडाव सांगतलं, तरी माझे हात थंड पडते. पाहा, लावून पाहा हात.

मार्च महिना होता, बाहेर बर्फ अर्धा वितळलेला. दुपारी बारा वाजले असन, मी जवसाची चटनी कुटून राह्यली होती, टॉवेलावर, हळूहळू. तं भिंतीतून ठकठक. मी हात थांबवला. तरी ठकठक. मी मनात म्हटलं बाप्पा, बंद केलं ना आता, अजून काऊन कावून राह्यला? पुन्हा ठकठक, थांबून थांबून. मी खलबत्ता मांडीवर घेऊन खाली फरशीवर बसली, श्वास रोखून, चोरी केल्यासारखी. लय वेळ चाललं ते. मंग हळू झालं, मंग थांबलं. मले वाटलं चला, उतरला म्हाताऱ्याचा राग. आन मी उठली, भाकर घेतली, चटनीसंग जेवली. पोटभर जेवली बाई मी.

पुढच्या रविवारी मी सुकट केली. आन एकदोन दिवसानं कॉरिडॉरमधी वास. मी घरात नाक फिरवलं, दार उघडून पाह्यलं, वास हाये. म्हटलं झालं, सुकटीचा वास बसला साऱ्या मजल्यावर. ते घरमालकीन डोळ्यापुढं उभी राह्यली, पदर नाकाले. मी ओटा घासला, पडदे धुतले, राह्यलेली सुकट पाकिटासकट फेकली, आन दाराबाहेर, खाली कोपऱ्यात, उदबत्त्या लावल्या. रोज लावे. स्वाती बिचारीनं रूम फ्रेशनर आनून ठेवला. शेवटच्या दारात जॉयस म्हनून एक जमैकाची बाई राह्यते, माझ्याच वयाची, ते नाकाले रुमाल लावून जाताना दिसली तं मी तिले पाहून दार लावून घेतलं. सॉरी म्हनाचं धैर्यबी नाई झालं.

मंग पोलीस आले. सुपर आला, सुपर म्हंजे बिल्डिंगची देखरेख करनारा, त्याच्या हातात चाव्यांचा जुडगा. म्हाताऱ्याचं दार उघडलं. मले कोनी पाहू नाई दिलं, पन सुपर बाहेर आला तवा भिंतीले टेकून खालीच बसला, आन मंग मले समजलं. तो वास सुकटीचा नव्हता. मान्साचा होता. मी मान्साचा वास उदबत्तीनं झाकून राह्यली होती.

पोलिसानं दारोदार इचारलं. प्रशांत घरी आला होता, तो मधी बसला. ही इज आस्किंग, आई, तुला काही ऐकू आलं होतं का? मी म्हटलं, ठकठक. प्रशांत माझ्याकडे पाहतच राह्यला. म्हने कधी? मी सांगतलं. त्याले इंग्रजीत सांगाले लय वेळ लागला. पोलीस म्हने, तो वॉशरूममधी पडला होता, त्याची वॉशरूमची भिंत तेच तुमची किचनची भिंत. तो पोलीस चांगला होता, जाताना म्हने तुमची चूक नाई. जलमभर जे काई झालं ते माझी चूक हाये असं मी मानलं, आन ज्या दिवशी खरंच माझी होती त्या दिवशी एक अनोळखी मानूस मले म्हने तुमची चूक नाई. आता बोला.

त्याचं नाव हॅरल्ड होतं. हे मले तो मेल्यावर समजलं, खाली पत्राच्या डब्ब्यावर लिहिलेलं होतं, तीन वर्षं मी त्याच्याच बाजूचा डब्बा उघडत होती.

आठ दिवस मी किचनमधी गेली नाई. नवव्या दिवशी सकाळी दहाले मी चप्पल घातली आन पह्यल्या दारापासून सुरू केलं. ठोकलं दार. उघडलं तं म्हनो, गुड मॉर्निंग, यू ओके? ओके म्हटलं का पुढचं दार. काई लोक हासले, काईनं साखळीतूनच पाह्यलं, एक जन तं असा वरडला का मी दोन पावलं मागं सरली. तरी दुसऱ्या दिवशी गेली. आठवडाभर गेली. मंग बिल्डिंगच्या ऑफिसचं पत्र आलं, लोक तक्रार करून राह्यले, हे बंद करा नाई तं पुढची कारवाई होईन. प्रशांत चिडला. म्हने आई, ही तुझी अंगणवाडी नाहीये, लोकांना त्रास होतो, आम्हाला इथं राहायचंय. मी म्हटलं प्रशांत, त्या दिवशी मी तुझंच ऐकलं होतं. डोळे भरले त्याचे. मी तसं बोलाले नोको होतं, भेव तं माझं होतं, त्याच्या माथी काऊन मारलं? पन तोंडातून गेलं ते गेलं.

दुसऱ्या दिवशी तोच म्हने, आई, लोकांनी आधीच हो म्हटलं तर? मंग तक्रार कशी करतील? पोरगा इंजिनेर हाये ना. मी माझं एक जुनं पिवळं लुगडं काढलं, त्याच्या पट्ट्या फाडल्या, काठ शिवले. मिहीनं इंग्रजीत चिठ्ठी लिहिली, का सकाळी उठले का ही पट्टी दाराच्या मुठीले बाहेर लटकवा, संध्याकाळी आत घ्या, आन दहापर्यंत पट्टी दिसली नाई तं नाइन झिरो फोरवाली आजी येऊन दार ठोकन. पाह्यजे त्यानं घ्या. सहा जनाईनं घेतली. जॉयस म्हने आय ॲम नॉट अ चाइल्ड. मंग चार दिवसानं सोताच आली, म्हने पिवळी उरली असन तं दे. तिनं पट्टीले खाली मनी शिवले, मिरवाची भारी हौस तिले.

रोज दहाले मी कॉरिडॉरमधून जाते. मोजते. आंगनवाडीसारखंच, डोक्याऐवजी पट्ट्या.

मागच्या जानेवारीत एक दिवस जॉयसची पट्टी नाई. ठोकलं. उत्तर नाई. पुन्हा ठोकलं, कान लावला. आतून ठकठक आली, बारीक, थांबून थांबून. काय सांगू तुमाले, मले वाटलं हॅरल्डच हाये. मी खाली सुपरकडे पयाली. तो म्हने मी आधी तिले फोन करतो, नियम हाये. मी त्याची बाही धरली. माझं इंग्रजी सारं उडालं, मी मराठीतच म्हटलं, ते ठोकून राह्यली, ते ठोकून राह्यली रे बाबा. त्याले काय समजलं कोन जाने, त्यानंबी हॅरल्डचं दार उघडलं होतं ना तवा. चाव्या घेऊन धावला.

जॉयस ओट्यापुढं पडली होती, खुबा मोडलेला, हातात उलथनं, त्यानं कपाट ठोकत होती पहाटेपासून. मी खाली बसली, तिचं डोकं मांडीवर घेतलं. ते म्हने, आय वॉज वेटिंग फॉर टेन ओक्लॉक. तिले मालूम होतं मी दहाले येनार. मीच हमसून हमसून रडली, आन खुबा मोडलेली बाई माझ्या पाठीवरून हात फिरवत होती.

आता जॉयस वॉकर घेऊन चालते, पट्टी लटकवते, मन्यावाली. लोक म्हनते विमलबाई, तुमी एक जीव वाचवला. हाव, वाचला. पन एक वाचली म्हनून दुसरा परत येत नाई. त्यानंबी माझीच वाट पाह्यली होती, आन मी चटनीसंग पोटभर जेवली. हा हिशोब माझ्याच्यानं कधी मिटत नाई, मिटवावाबी नाई वाटत. आता अकरा पट्ट्या झाल्या. राह्यलेले घेत नाई, मी त्याईले काई म्हनत नाई.

हॅरल्डच्या घरात आता एक पोरगी आली राहाले, गुजरातची, नवीन नोकरी, एकटीच. गेल्या शनिवारी मी कनिक मळून राह्यली होती तं भिंतीतून ठकठक. मी तसेच पिठाचे हात घेऊन पयाली, दार दनादन ठोकलं. तिनं उघडलं, हातात हातोडी, भिंतीले खिळा ठोकत होती फोटोसाठी. मले पाहून तिचा चेहरा पांढरा पडला. म्हने सॉरी आंटी, सॉरी, आवाज़ हो गया ना, मैं बंद करती हूँ, अब नहीं करूँगी. हातोडी मागं लपवली तिनं. मले तिच्यात मीच दिसली बाई, खलबत्ता मांडीवर घेऊन बसलेली. मी म्हटलं नहीं बेटा, बंद मत करना. ठोको. जब भी ठोकना है, ज़ोर से ठोको, मैं आऊँगी.

त्या दिवशी तिनं चार खिळे ठोकले, आन मी चारीडाव जाऊन पाह्यलं. हासली ते. हासू दे.

तुमी मिल्टनहून इतक्या दूर आल्या, सारं लिहून घेतलं, तुमचं भलं होवो. मघाशी मी इचारलं, तुमच्या बाजूच्या घरात कोन राह्यते, तं तुमी पेन फिरवत बसल्या. मले त्याचं नाव नोका सांगू. घरी जा, आन त्यालेच इचारा.