पाण्यात हात घालू नकोस

हॅलो? हं, बोल गं… हो, कामावरच आहे, तळ्यात उभी आहे… गाळ काढतेय, दुसरं काय!

गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून ती एका गिऱ्हाइकाच्या बागेतलं तळं साफ करत होती. फोन धाकट्या बहिणीचा होता. थंडी सरता सरता वॉटर लिलीच्या बिया तिनं घरी काचेच्या टाकीत, हीटर लावून कोमट ठेवलेल्या पाण्यात रुजत घातल्या होत्या, आणि आज त्यांच्याकडे बघायला बहीण लेकीला, ठकूला, घेऊन येऊन बसली होती.

कोंब आले? दोऱ्यासारखे ना, हिरवट? अगं तेच ते!… मग आवाज का असा?… झिणझिण्या? पाण्यात बोट बुडवल्यावर?… हात काढ. काढलास का, ते आधी सांग!… नाही गं, काही चावलं नाही. हीटर बघ… लांबूनच बघ! त्याची काच तडकलीये?

बाई गं… ऐक, ऐक ना. पाण्यात करंट उतरलाय. तू कुठं आहेस?… दारात. पाय कोरडे?… बरं. आणि ठकू?… टाकीजवळ? स्टुलावर?… प्लॅस्टिकचं ना ते? आणि खाली फरशी ओली?… मग जाऊ नकोस तिच्याकडे! उचलायचं नाही, बटणालाही हात लावायचा नाही, बोर्ड ओल्यातच आहे… हो, हो, कळतंय मला, आई आहेस तू… अगं किंचाळू नकोस, ती दचकून उतरेल खाली! हसून सांग. म्हणावं, हात मांडीखाली दाबून बस, बघू किती वेळ बसतेस… बसली?… गुणाची गं ती. आता मेन स्विच. पॅसेजमध्ये, कपाटाच्या वर. हात पदराला पूस आणि खाली ओढ… पळ, पळ…

हॅलो?… हॅलो? अगं बोल ना!

फोन बंद पडला होता. घरचा फोन कॉर्डलेस, विजेवर चालायचा. मेन पाडला की तो जाणारच, हे तिला माहीत होतं. पण खरंच मेन पडला म्हणून गेला, की… पुढचं तिला मनातसुद्धा आणवेना. तिनं पुन्हा पुन्हा नंबर लावला. बागेत कुणीतरी पानं झाडत होतं, तेवढाच आवाज.

मग फोन वाजला. नंबर अनोळखी.

हॅलो? कोण?… शेजारच्या काकू? काय झालं काकू, ती कुठंय?… द्या, द्या तिच्याकडे… बोल! ठकू?… कडेवर? रडतेय?… रडू दे. गप्प करू नकोस तिला, ऐकू दे मला… नाही, मेन वर करायचा नाही. वायरमन येईपर्यंत आत पाऊल टाकू नका… कोंब? गारठू देत. मरू देत गं, बिया काय, पुन्हा मिळतील… नाही रागावले, खरंच… हो, निघालेच. ठेवते.

तिनं फोन खिशात टाकला, काठाकडे एक पाऊल उचललं. आणि त्या थंडगार पाण्यात ती मटकन खाली बसली.