पिकेपर्यंत थांबू का?

भाऊ : पत्र मिळालं नाही, असं मी कधीच म्हटलं नाही, चिमे. मिळालं होतं.

बहीण : मग उत्तर का नाही दिलंस?

भाऊ : देणार होतो.

वहिनी : वन्सं, आधी बसा. खुर्ची तुमच्या उजव्या हाताला आहे. थोडी मागे. हां. चहा समोर ठेवलाय, कपाचा कान डावीकडे आहे.

बहीण : उजवीकडे करा वहिनी. डावा डोळा आता नुसता शोभेला आहे. उजव्यात एवढीशी फट उरली आहे, किल्लीच्या भोकातून बघावं तशी. आत्ता तिच्यातून दादाचं नाक दिसतंय. बाकी दादा नाही.

वहिनी : म्हणजे बराचसा दिसला.

बहीण : दादा, काय विचारलं होतं मी पत्रात? आठवतं?

भाऊ : 'डॉक्टर म्हणतात काचबिंदू आहे. आईच्या वेळी आपण मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबलो होतो, तसंच थांबू का? तू शब्दकोशात काम केलंस, तुला ठाऊक असेल.' एवढंच.

बहीण : पाठ आहे की.

भाऊ : पुन्हा पुन्हा वाचायचो.

बहीण : वाचत बसायला नव्हतं पाठवलं.

भाऊ : तुला डॉक्टरांनी समजावून सांगितलं नाही का?

बहीण : बाहेर ही गर्दी. त्यांनी दोन्ही डोळ्यांत प्रकाश टाकला, दाब मोजला, म्हणाले काचबिंदू आहे, थेंब लिहून देतो, रोज टाकायचे, कायमचे. आणि 'पुढचा पेशंट'. मी बाटली संपेपर्यंत टाकले. काही फरक पडेना, म्हणून सोडले. फरक पडत नाही म्हणजेच औषध चाललंय, हे मला कोण सांगणार? घरी येऊन विचार केला, बिंदू म्हणजे बिंदूच. आईचा मोत्याचा, माझा काचेचा. आपली ऐपत तेवढीच.

वहिनी : हसू नका हो तुम्ही.

भाऊ : हसत नाहीये मी. तिनं अगदी बरोबर जागी बोट ठेवलं. तो बिंदूच सगळा घोळ करतो. मोतीबिंदूत निदान बुबुळामागे पांढरं काही दिसतं तरी. काचबिंदूत डोळा बाहेरून चांगला दिसतो, बिंदूबिंदू काही नसतो. दोन नावं एका वळणाची झाली, म्हणून आजारही भाऊभाऊ वाटतात.

बहीण : हे तुला तेव्हा ठाऊक होतं?

भाऊ : होतं.

बहीण : मग कळवायचंस. एक कार्ड टाकायचंस.

भाऊ : तसं नव्हतं ते सोपं. लिहायला बसलो आणि 'काच' या शब्दाशी अडलो. जुन्या वैद्यकाच्या ग्रंथांत 'काच' हे डोळ्याच्या रोगाच्या एका पायरीचं नाव आहे. नजर आधी अंधुक होते, मग काच, मग पार जाते. म्हणजे आज आपण ज्याला मोतीबिंदू म्हणतो, त्याच्याच वाटेवरची पायरी. त्या हिशेबानं तुझं म्हणणं बरोबर ठरत होतं. मग डॉक्टरी शब्द पाहिला, ग्लॉकोमा. तो ग्रीकांकडून आलाय, समुद्राच्या करड्या-निळ्या रंगावरून. बाहुलीत तसा रंग दिसला की ते तो शब्द वापरत. त्यांच्याकडेही कित्येक शतकं दोन्ही आजार एकाच नावाखाली एकमेकांत मिसळलेले होते. मग मी कोण ठामपणे सांगणारा?

वहिनी : आमचं लग्न झालं तेव्हा हे कोशाच्या कचेरीत 'क' अक्षरावर होते. थोरली शाळेत जायला लागली तरी 'क'वरच. मला वाटायचं, 'ख' बघायला मी जगते की नाही.

भाऊ : 'क' फार मोठं अक्षर आहे.

बहीण : पुढे सांग. शब्दाशी अडलास. मग?

भाऊ : मग आपला रोजचा 'काच' आठवला. काचणं. नाडी काचते, जोडा काचतो. हा आजार दाबाचाच आहे, डोळ्याच्या आतला दाब वाढतो आणि मागची नस मरते. मला वाटलं, लोकांनी नकळत किती नेमका शब्द निवडला. मग वाटलं, नाही, हा आपण मागून चिकटवलेला अर्थ. पुरावा नाही. त्यावर बरीच पानं लिहिली. पटेनात, म्हणून फाडली. पुन्हा लिहिली.

बहीण : मी जन्मभर कपडे शिवले, दादा. काचणं मला नको शिकवूस. बाही काचली की माणूस त्याच दिवशी परत येतो, म्हणतो सैल करून द्या. हे काचलं असतं तर मीसुद्धा त्याच दिवशी गेले असते. दुखलं नाही, खुपलं नाही. टाचण्या डाव्या हाताला ठेवलेल्या सापडेनात, तेव्हा मी सुनेला बोलले की तू हलवतेस म्हणून. बिचारी रडली. तुझ्या शब्दात हे कुठे बसतं?

भाऊ : नाही बसत.

बहीण : आणि तुझं उत्तर येईना, तेव्हा मी काय केलं ठाऊक आहे? तुझा कोश उघडला. मला भेट दिलेला. लेकाला म्हटलं, वाच. त्यानं वाचलं. 'काचबिंदू : मोतीबिंदूसारखा एक नेत्रविकार.'

वहिनी : अहो?

भाऊ : जागा कमी होती. एका ओळीत बसवायचं होतं.

बहीण : 'सारखा' तुझाच ना?

भाऊ : माझाच.

बहीण : लेक त्या दिवसापासून म्हणत होता, आई, दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ. मी म्हटलं, मामानं छापलंय, मोतीबिंदूसारखा. आणि मामाचं पत्रही येईल. तो हात जोडायचा, चिडायचा. मी म्हणायची, मामाचं उत्तर येऊ दे. शेवटी उंबऱ्याला अडखळून पडले तेव्हा त्यानं उचलूनच नेलं. डॉक्टर म्हणाले, आता जे आहे तेवढंच सांभाळा.

भाऊ : चिमे, मी काय बोलू?

बहीण : बोलू नकोस. बोललेलं ऐकायला नाही आले मी. शेजारणीला गळ घालून बसमध्ये बसले, ते तुझ्याकडून एक काम करून घ्यायला. लेकाची डाव्या बाजूची नजर जायला लागली आहे.

वहिनी : काय सांगता?

बहीण : तो बस चालवतो. आरशाला आरसा घासून आला, म्हणाला समोरचा आंधळा होता. आगाराच्या फाटकाचा खांब घासला, म्हणाला फाटकच अरुंद. सून सांगत होती, डाव्या हाताचा तांब्या रोज लवंडतो आणि पोरांवर ओरडतो, इथे कुणी ठेवला. मी तेच टाचण्यांचं ऐकत होते वहिनी. माझेच शब्द.

वहिनी : त्यांच्याकडे दरवर्षी डोळे तपासतात ना?

बहीण : अक्षरांचा तक्ता वाचायला लावतात. तो खालच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचतो. तक्ता समोर असतो. हा मेला आजार कडेकडेनं खातो.

भाऊ : त्याला डॉक्टरकडे जायला सांग. रक्ताच्या नात्यात हा येऊ शकतो.

बहीण : रोज सांगते. नोकरी जाईल म्हणून भ्यालाय, पण तोंडानं ते म्हणत नाही. म्हणतो काय, 'मामाचं उत्तर येऊ दे.' माझंच वाक्य. पहिल्यांदा रागानं म्हणाला. आता शांतपणे म्हणतो, मिशीत हसून. 'तुला आलं का उत्तर? आलं की मी जातो.'

वहिनी : बोलणं लागलं ते तुम्हाला.

बहीण : लागलं तर लागलं. पण शब्द दिलाय त्यानं, बायकोसमोर, पोरांसमोर. टोमणा का असेना, शब्द आहे. आणि शब्दाला तो पक्का आहे. दादा, कागद घे.

भाऊ : मी त्याला फोन करतो.

बहीण : तुझं नाव दिसलं की तो उचलत नाही.

भाऊ : मग पत्र त्याच्या नावानं लिहू?

बहीण : माझ्या नावानं. माझ्या पत्राचं उत्तर. टपालानं येऊ दे, शिक्का मारून. हातात घेऊन गेले तर म्हणेल मी लिहून घेतलं. टपालानं आलं की मी म्हणेन, मला दिसत नाही, वाचून दाखव. बसून वाचावं लागेल त्याला. मोठ्यानं.

वहिनी : हे घ्या. पेन चालतंय.

भाऊ : 'चि. चिमीस अनेक आशीर्वाद. काच या शब्दाचे तीन अर्थ संभवतात...'

बहीण : फाड.

भाऊ : पार्श्वभूमी म्हणून...

बहीण : दादा, मी काय विचारलं होतं?

भाऊ : थांबू का, असं.

बहीण : त्याचं उत्तर लिही.

भाऊ : 'काचबिंदू बहुधा पिकत नाही.'

बहीण : कधी पिकतो?

भाऊ : कधीच नाही.

बहीण : मग बहुधा काढ.

भाऊ : काढला. 'शक्यतो थांबू नये.'

वहिनी : शक्यतो काढा हो.

भाऊ : तुम्ही दोघी म्हणता तसं लिहायची सवय नाही मला. उद्या कुणी म्हटलं, याला आधार काय?

बहीण : मी आहे ना आधार. ये, बघ डोळ्यात. लांबून नको, जवळ ये. आता लिही.

वहिनी : ...झालं? आणा इकडे, मी वाचते. 'काचबिंदू पिकत नाही. थांबू नकोस. तो मोतीबिंदूसारखा नाही. कोशात मी चूक लिहिलं. गेलेली नजर परत येत नाही, पण उरलेली थेंबांनी किंवा शस्त्रक्रियेनं राखता येते. समोरची अक्षरं वाचता आली म्हणजे डोळे बरे आहेत असं नाही. आईला असेल तर मुलालाही होऊ शकतो. त्याला बरोबर घेऊन जा आणि त्याच्या डोळ्यांचा दाब मोजून घे, नस तपासून घे. दादा.'

भाऊ : 'होऊ शकतो' हे मुद्दाम ठेवलंय. ते खरोखरच तसं आहे, होईलच असं नाही.

बहीण : ते राहू दे. ते ऐकताना मलाही बरं वाटलं.

भाऊ : फार त्रोटक झालं का?

बहीण : केवढ्या वेळात लिहिलंस रे?

वहिनी : तुमचा चहा अजून गरम आहे, वन्सं.

बहीण : हं.

भाऊ : पाकीट शोधतो.

(कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी तिघे.)

भाऊ : 'शस्त्रक्रियेनं' असं लिहिलं की 'शस्त्रक्रियेने'? एकदा पाहून घेतलं असतं.

वहिनी : अहो.

भाऊ : टाकतो.

बहीण : टाकलंस?

भाऊ : टाकलं.

बहीण : माझा हात तिथे लाव. हां, मोकळी आहे फट. आता मला संध्याकाळच्या बसमध्ये बसवून दे.

वहिनी : एवढ्या लांबून आलात, राहा की चार दिवस. ते जाईल आपलं सावकाश.

बहीण : ते पोचायच्या आत मी घरी हवी, वहिनी. मी नसताना आलं, तर तो ते न फोडता टेबलावर ठेवून देईल. मामाचाच भाचा आहे.