स्टुलाचा पाय

— अहो, जिवंत आहे मी, जिवंत आहे, दार तोडू नका! एका सकाळी तासायचा आवाज आला नाही तर काय, म्हातारी गेली? आत या, इवाकिरीसान, आणि दार लावा आधी — समोरची नोमासान पडद्याआडून बघतेय, तिला तेवढंच हवंय, लगेच आमच्या सानाएला फोन करेल, तुझी आई उठली नाही म्हणून. बूट काढा. बसा. ते वर्तमानपत्रात काय गुंडाळून आणलंय? असू दे, नंतर सांगा. काही झालेलं नाही मला. मासा तासायच्या पेटीचं पातं बोथट झालंय, एवढंच. रोज धुरावून वाळवलेला मासा तासायचा म्हणजे पात्याची वाट लागणारच — नाही, तुम्ही बघायची गरज नाही. ठेवा ती पेटी खाली. अहो, ठेवा म्हणते ना! आणि तिचा खालचा खण उघडू नका, तिथे काही — उघडलात.

ते पापुद्रे तोंडात घालू नका! — घातलंत. थुंका आता. लाकूड आहे ते.

असे बघू नका माझ्याकडे. स्टुलाचा पाय होता. न्हाणीघरातलं जुनं स्टूल, देवदाराचं, मऊ लाकूड. आमचे हे होते तेव्हा तेच तासायचे, मी कधी पेटीला हात लावला नाही. सकाळी उठून यांची खुर्र खुर्र सुरू, तोवर मी भात लावायचा, असं ठरलेलं. हे गेले, मग मी तासायला बसले, तर या मनगटांत जोर कुठे उरलाय? माशाचा तो तुकडा दगडासारखा कडक, वरून दाबावं तर बोटांत कळ, आणि पापुद्रे निघायचे सोडून नुसता भुगा. मग काय करणार? पाकिटातले तयार पापुद्रे आणते. इथून नाही हो! या गावात, जिथे गल्लीगल्लीत मासा धुरावर टांगलेला, तिथे दुकानात जाऊन पाकीट मागू? बस पकडून शेजारच्या गावी जाते, पिशवीत वरून कांद्याची पात ठेवते. तुमच्यासारखा माणूस भेटला बसमध्ये, तर पात दिसावी.

आवाज कशाला, म्हणताय? वा! आवाजावरच तर सगळं चाललंय. सानाए रोज याच वेळेला फोन करते. मी फोन ओट्यावर ठेवते आणि पेटी चालवते. "अजून तासतेस ना, आई?" — तासतेय ग. झालं, तिचा जीव भांड्यात. तिने मला बजावून ठेवलंय, ज्या दिवशी तुझं तुला करून खाता येणार नाही, त्या दिवशी मी गाडी घेऊन येणार. खोलीसुद्धा तयार ठेवलीय तिकडे कागोशिमा शहरात. वाईट नाही हो पोर, माझ्यासाठी पडदे शिवलेत तिने. पण त्या खोलीची खिडकी उघडत नाही. मी बघून आले, उघडतच नाही. मला जायचं नाही इथून. इथे खिडकी उघडली की सगळा धुराचा वास आत येतो, कपड्यांना, उशीला — आता तुम्हीच काय ते समजा. आज तो पाय संपला. दुसरा कापायला घेणार होते, सुरी लाकडात अडकली, ती ओढत बसले होते, तेवढ्यात तुम्ही दार बडवलंत.

काय? माहीत होतं? … कधीपासून? आवाज यायचा पण वास यायचा नाही, म्हणून? अख्खं गाव धुरात, त्यात माझ्या पेटीला वास नाही हे तुम्हाला भिंतीपलीकडून कळलं? बरोबर आहे, तुमचा जन्मच मासा धुरावायच्या भट्टीत गेला. आणि इतके दिवस गप्प बसलात! मी आपली थंडीत कुडकुडत स्टूल तासतेय, आणि हे पलीकडे बसून ऐकतायत — हसू नका. मग आजच का आलात? आवाजही आला नाही म्हणून. हं.

सोडा ते वर्तमानपत्र, बघू. … हा मासा तुम्ही स्वतः धुरावलेला? वाजवा बरं. अहाहा, लाकडावर लाकूड आपटावं तसा खणखणीत. पण धुऊ नका हं, कोरड्या फडक्याने पुसा. हातोडीने पातं जरा मागे घ्या — फार नको. डोक्याकडची बाजू पुढे! शेपटीकडून तासाल तर भुगा होईल, भट्टीतल्या माणसाला हे मी सांगायचं? दाबा. आता ढकला. … हा. हा आवाज.

सुपाचं आधण आलंय, गॅस बंद करते. टाका मूठभर. ढवळू नका, आपोआप तळाशी जाऊ दे. आता गाळा — पिळू नका! पिळलं की कडू होतं, आमचे हे नेहमी पिळायचे आणि वर मलाच म्हणायचे, आज कडू का लागतंय. डोळ्यांत धूर गेला माझ्या. गॅसला धूर नसतो, माहीत आहे मला. तुम्ही तासत राहा, भातावर घालायला लागतील, वर सोया सॉसचे दोन थेंब, बास.

वाजला. सानाएच. बोलू नका, खोकू नका, नुसते तासा. ओट्यावर ठेवते हं — काय ग? हो, तासतेय की. ऐकू येतंय ना? … आज जोर चांगला आहे? आहेच मुळी. … कोण शिंकलं? कुणी नाही, मीच. … पुरुषासारखी म्हणजे? … बरं बाई. इवाकिरीसान आहेत. शेजारचे. तेच तासतायत. माझ्याने नाही होत आता, झालं समाधान? … नाही, गाडी काढू नकोस. भात मी लावते, तासतात ते. … आजच नाही, रोज. रोज येणार आहेत नाश्त्याला. … मग, त्यांना विचारलं की. ठेव आता, निवतंय सगळं.

ऐकलंत ना? रोज म्हणाले मी. आता नाही म्हणायची सोय नाही. … बघताय काय असे? हात का थांबला? तासा.