दोघींचं मलम

(लातूरच्या दवाखान्यातली, खिडक्यांना काळे पडदे लावलेली खोली. नव्या मलमाच्या चाचणीचं काम बघणारी मुग्धा. जळकोटहून आलेली आरती आणि तिची अकरा वर्षांची तनुजा.)

मुग्धा : नळी तर बरोबर रिकामी झालीय, आरतीताई. पण फोटोत डाग होते तेवढेच आहेत. वर कानाजवळ एक नवी गाठ आलीय.

आरती : रोज लावायलेय की मॅडम. सांजच्याला, एक दिवस चुकला न्हाई.

मुग्धा : मग डॉक्टर लिहितील, हिला औषध लागू पडत नाही. हिचं मलम बंद होईल. बाकीच्या मुलांचंही असंच निघालं, तर ते औषधच मागे पडेल.

आरती : बंद? असं कसं बंद? औषधाला बोल लावू नका, मॅडम. माझंच चुकलं.

मुग्धा : काय चुकलं?

आरती : धाकटीलाबी लावत होते. सुकन्याला.

मुग्धा : अहो, ती सहा वर्षांची! आठच्या खालच्या मुलांना घेत नाहीत म्हणून तर तिला परत पाठवलं होतं. सहीच्या दिवशी मी तीनदा सांगितलं, हे फक्त तनुजाचं.

आरती : सांगितलं होतं तुमी. समजलंबी होतं. पण दुखणं दोघींचं एकच. ऊन लागलं की कातडी जळती, मग गाठी, पार डोळ्यापर्यंत. मला सख्ख्या मामाला दिलं. रक्त एकच, म्हणून हे, असं तुमच्याच डॉक्टरांनी सांगितलं. आमचं ही लेकरं भोगायलेत. खाऊ आणला तर दोघींत वाटते, मग औषध एकीलाच कसं लावू? धाकटी तोंड पुढं करून बसायची हो.

मुग्धा : मला हे कळवावं लागेल. तनुजाला चाचणीतून काढतील.

आरती : नका कळवू. पाया पडते तुमच्या. आजपासून सगळं हिलाच लावते.

मुग्धा : उठा, उठा आधी. मलाही फार वाईट वाटतंय. पण मी गप्प बसले, तर या खोट्या आकड्यांवर पुढच्या मुलांचं औषध ठरेल. सुकन्याला उद्याच घेऊन या, तपासू. तिला काही त्रास?

आरती : तरास न्हाई. तिचे डाग लई फिके पडलेत.

मुग्धा : निम्म्या मलमानं तिला एवढा गुण, आणि हिला काहीच नाही?

तनुजा : माय, निम्मं नव्हतं ते.

आरती : गप गं. मी सोता वाटून देत होते, तुझं तुझ्या बोटावर.

तनुजा : तू द्यायचीस अन् भाकरीकडं वळायचीस. माझं मी तिलाच लावायची.

आरती : का गं बाई? का केलंस आसं?

तनुजा : माझा एक डोळा तर काढलाच की. तिचे दोन्ही हायत अजून.