दोनशे छप्पन्न छर्रे

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं तू होय! थांब सूनबाई, रंध्याचं मशीन बंद करतो, काही ऐकू येत नाही… हं. आता बोल. पोहोचलीस कॉलेजात?… बरं, बस आधी. पाणी पी.

हो, हो, झाली की तुझी फळी! झाली म्हणजे काय, नवरीसारखी नटवून ठेवलीय. खिळ्यांच्या आठ ओळी, खाली नऊ खण, समोर काच, वर नरसाळं. खण मुद्दाम अरुंद ठेवलेत, छर्र्यावर छर्रा नीट रचला जातो. छर्रे सायकलवाल्याकडून आणले. चार मिलिमीटरचे, तू सांगितलेस तसे मोजून दोनशे छप्पन्न. तो विचारत होता, हा कसला आडनिडा आकडा, अडीचशे घ्या की. म्हटलं बाबा, आमच्या सुनेचा हिशेब आहे, तुझ्यामाझ्या डोक्यावरून जाणारा.

फळी न्यायला येणारा गाडीवाला?… नाही आला अजून. तुझा मुलाखतीचा पाठ अकराला ना? मग येईल की. नाहीच आला तर डोक्यावर घेऊन येतो मी.

अगं ऐक ना, एक गंमत सांगायची राहिली. फळीत खोट होती… घाबरू नको, होती म्हणतोय. काढली मी. काल छर्रे ओतून बघितले, तर सगळे मेले मधेच गोळा! मधल्या खणात हा ढीग आणि कडेचे खण ठणठणीत कोरडे. म्हटलं, माझ्या हातचं काम आणि असं लंगडं? पाणसळ लावली. फळी सरळ. गुण्या लावला. खिळे काटकोनात. पुन्हा ओतले, पुन्हा तेच! बरं, खिळ्यावर आपटून छर्रा डावीकडे जातो तितकाच उजवीकडे जातो, ते एकेक सोडून बघितलं मी. मग खणांत सारखे नकोत पडायला? शेवटी मध्यावर तीन पाचरी ठोकल्या. आता काय बिशाद! नऊच्या नऊ खण एका पातळीत!

हॅलो?… हॅलो? कट झाला का?… आहेस ना?

काय म्हणालीस?

खोट नव्हती?

म्हणजे… मधे ढीग पडतो तेच बरोबर? छे, छे, काहीतरीच! अगं, डावीकडे जायची संधी निम्मी, उजवीकडे जायची निम्मी. मग नऊ खणांना सारखा वाटा. साधा व्यवहार आहे. मी काय आज लाकूड हातात धरलंय?

अगं… अगं, रडू नको. नाही, मी चिडलो नाही गं, माझा आवाजच तसा आहे. घोळ मी घातला, तू कशाला रडतेस? मला काय ठाऊक नाही का, इतकी वर्षं तासावर शिकवतेस, आज इथली शाळा, उद्या तिथली… आता ही कायमची जागा, आणि मी तुझ्या फळीत पाचरी ठोकून बसलोय. निघतील गं पाचरी. दोन मिनिटांचं काम.

पण आधी मला पटव.

हो, आत्ताच! न पटता मी माझ्या कामाला पटाशी लावत नाही, तुला माहिती आहे. तुझ्या सासूला विचार… त्या पोरांना शिकवणार आहेस ना तासाभरात? मग धर मलाच एक मठ्ठ पोर. चल.

वरच्या चारच ओळी धरू? धरल्या. खाली पाच खण आहेत असं समजायचं. समजलो. बोट ठेवलं पहिल्या खिळ्यावर… सगळ्यात उजव्या खणात कसं जायचं? उजवीकडे, उजवीकडे, उजवीकडे, उजवीकडे. झालं. दुसरी वाट?… नाही, एकदा जरी डावीकडे वळला तरी संपलं, पोहोचत नाही तिथे. एकच वाट. पुढे?

त्याच्या शेजारच्या खणात… एक डावी, तीन उजव्या. हो. ती डावी पहिल्या खिळ्यावर घेऊ दे नाहीतर चौथ्या, पोहोचतो तिथेच. म्हणजे… चार वाटा. बरं. आणि मधल्या? दोन डाव्या, दोन उजव्या. थांब, पेन्सिल कुठे गेली… कानावरच आहे. डावी डावी उजवी उजवी, एक. डावी उजवी डावी उजवी, दोन. डावी उजवी उजवी डावी, तीन. आता उजवीपासून… चार… पाच… सहा. सहा? परत मोजतो हं… सहाच.

एक, चार, सहा. पलीकडे परत चार, एक. सोळा वाटा. सोळातल्या सहा एकट्या मधल्या खणाच्या!

…

नाही, आहे. फोनवरच आहे. वाटा परत एकदा बोटाने फिरून बघतोय.

अगं म्हणजे वाटणी सारखीच झालीय! खणांना नाही, वाटांना! प्रत्येक वाटेला सारखा मान आहे. पण कडेला जायला एकच वाट आणि मधे यायला सहा! छर्रे मधे येतात ते कोणी ढकलतं म्हणून नाही… बाप रे. आणि मी काल त्या बिचाऱ्यांना शिव्या घालत होतो.

हं. आठ ओळींना किती? प्रत्येक ओळीला दुप्पट… दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट, एकशे अठ्ठावीस… दोनशे छप्पन्न! अरे देवा. म्हणून दोनशे छप्पन्न छर्रे! एका वाटेला एक! मग सांगितलं का नाहीस? सायकलवाल्यापुढे तेवढाच भाव खाल्ला असता!

उजवी वळणं किती झाली तो जो आकडा, त्याला काय म्हणतात?… यदृच्छ चल? आणि ढिगाला वितरण? अहाहा! नाव ऐकूनच पोरं खिडकीतून पळतील. साधी गोष्ट, आणि बारसं करणारा कोण तरी सूडच घेत होता… नाही नाही, तू म्हण, तुझ्या पुस्तकात आहे म्हटल्यावर म्हणावंच लागणार.

आता काढतो पाचरी. काच उतरवली… ही एक. दोन… तिसरी जरा हट्टी आहे, मीच ठोकलेली ना… निघाली! खिळे शाबूत आहेत. एकही हलला नाही.

काय?… ओतायच्या आधीच खुणा करू? कुठे, खणांच्या पट्ट्यांवर? सांग. मधल्या खणाच्या वाटा सत्तर, म्हणून छर्रे सत्तर. सत्तर चोक दोनशे ऐंशी मिलिमीटर… अठ्ठावीस सेंटिमीटर. केली रेघ. त्याच्या दोन्ही बाजूंना छप्पन्न… बावीस आणि वर पट्टीच्या चार बारीक रेघा. मग अठ्ठावीस छर्रे, अकराच्या जरा वर. मग आठ. आणि कडेला एकेक. कदाचित तोही नाही. बरं, केल्या. पण पोरी, तू तिथे कुठल्या तरी व्हरांड्यात बसलीस. फळी तू डोळ्यांनी बघितली नाहीस. आणि छर्रे कुठवर येतील ते मला सांगतेस? बघतो हं. बघतोच आता…

कोण हाका मारतंय तुला?

आत्ता? साडेदहा पण नाही झाले! तुझ्या आधी पाठ घेणाऱ्या बाई आल्याच नाहीत?… अगं पण फळी इथे! गाडीवाल्याचा पत्ता नाही!

थांब. थांब, फोन ठेवू नको. मी काय म्हणतो… फोन घेऊन आत जा. तो मोठ्या आवाजाचा असतो ना, स्पीकर, तो लाव आणि टेबलावर ठेव. फळी येत नाही तर फळीचा आवाज येऊ दे. खुणांचे आकडे तिथे फळ्यावर लिही, सगळ्यांसमोर, मी ओतायच्या आधी. मग मी ओततो आणि मोजून सांगतो… जमेल गं. ओतायचं तर आहे. जा. जा म्हणतो ना!

…

हॅलो. हो, येतोय आवाज. नमस्कार मंडळी.

मी? मी सुतार. फळी माझ्याकडे आहे… हो बाई, हिचा सासरा. नातं आहे, लपवत नाही. पण छर्रे काही माझे नातेवाईक नाहीत, ते पडायचे तिथेच पडणार.

हं, पोरांना विचारलंस?… काय म्हणतात? सगळ्या खणांत सारखे? शाबास! मीही तेच म्हणत होतो रे, तीन पाचरी ठोकल्या होत्या त्यासाठी! हसू नका, हसू नका, उद्या तुम्हीही ठोकाल… लिहिलेस आकडे? ओतू?

ओतले. ऐका.

…

ऐकू आलं ना? पत्र्यावर वाळू ओतल्यासारखं?… अजून दोनचार उड्या मारतायत. बसले. थांबा, पट्टी लावतो. डावीकडची कड… रिकामी. दुसरा खण, साडेतीन सेंटिमीटर, म्हणजे नऊ. तिसरा साडेदहाच्या जवळ, सव्वीस. चौथा… रेघेच्या बोटभर वर, एकोणसाठ. आणि मधला…

अगं.

मधला सत्तावीस आणि दोन रेघा. अडुसष्ट! तू सत्तर लिहिलेस ना तिथे? अडुसष्ट आलेत! पलीकडे चोपन्न, तीस, नऊ. आणि उजव्या कडेला… आहे! एक आहे! एकटाच बसलाय कोपऱ्यात, आठही वेळा उजवीकडे वळून आलेला!

माफ करा, आवाज चढला माझा. पण मंडळी, तुम्ही इथे असायला हवं होतं. पेन्सिलीच्या खुणा आधीपासून आहेत आणि छर्रे येऊन त्यांच्याजवळ उभे राहिलेत. इतकी वर्षं मोजमाप करतोय, पण जे अजून घडलं नाही त्याचं माप कोणी घेतलेलं बघितलं नव्हतं.

कोण बोलतंय?… मोठ्या बाई. नमस्कार बाई. नाही, नाही, पढवलेलं नाही. अहो, पढवलं असतं तर पाचरी ठोकल्या असत्या का मी? तासाभरापूर्वी मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं… कोणी शिकवलं म्हणजे? हिनेच. आत्ता. याच फोनवरून.

मला प्रश्न? अहो बाई, मुलाखत तिची आहे… बरं, विचारा. ती बोलणार नाही? बोलायचंच नाही तिने? बरं. पोरी, गप्प बस हं तू.

खिळे जरा तिरके केले… छर्रा चारात तीनदा उजवीकडे जाईल असे. मग ढीग कुठे पडेल. हं.

…

थांबा. घाई करू नका. माझ्या चुकण्यावर तिची नोकरी लटकवलीत तुम्ही… बोट ठेवतो खिळ्यावर. चार ओळींत तीन उजव्या, सरासरीने. आठ ओळींत… सहा. सहा उजव्या, दोन डाव्या. म्हणजे सगळ्यात उजवा खण आठ उजव्यांचा, त्याच्या आतला सातांचा, त्याच्या आतला सहांचा. उजवीकडून तिसरा! ढीग सरकून उजवीकडून तिसऱ्या खणावर जाईल. आणि बाई, दोन्ही उतार सारखे नसतील. उजवीकडे जागाच कमी उरली, तिकडचा उतार तोकडा, डावीकडे लांब शेपूट. पण ढीगच होईल. सपाट नाही होणार. कितीही वेळा ओता.

…

हॅलो?

काय कुजबुजताय तिकडे? चुकलं असेल तर माझं चुकलं, तिचं नाही. ती बरोबरच सांगत होती, माझंच डोकं…

बरोबर?

शेपूट पण बरोबर? ते तर तिने सांगितलंच नव्हतं, ते मला बोट फिरवता फिरवता दिसलं… काय? सोमवारपासून? नाही हो बाई, मला कुठे जमतंय! दोन दारांचं काम हातात आहे, कारखाना कोण बघणार… अच्छा. अच्छा, अच्छा. मी नाही.

ती.

कायमची? कागद मागाहून, पण पक्कं? बाई, सगळ्यांसमोर बोलताय हं… पोरी! ऐकलंस ना? कुठे होतीस तू, आणि आम्ही आपले तुला डाळीत मीठ किती ते विचारत बसलो! फार मोठं काहीतरी येतं गं तुला.

गाडीवाला? हा काय, दारात उभा आहे, हॉर्न वाजवतोय. हो, फळी आणतो बाई… लगेच? लगेच नाही, त्याला थांबवतो जरा. नाही हो, काही बिघडलं नाही. छर्रे परत नरसाळ्यात भरतोय. मला आणखी एकदा ओतायचेत.

तुम्हाला दाखवायला नाही हो. माझ्यासाठी. ठेवा तुम्ही फोन.