खांद्यावरचा हात

(बल्गेरियातलं सेव्हलिएव्हो गाव. दुपार. ल्युबेन आणि त्याची मुलगी रालित्सा कॉम्प्युटरपुढे बसलेत.)

रालित्सा : आणि या फोटोत आईच्या खांद्यावर हा हात कुणाचा?

ल्युबेन : माझा. दुसऱ्या कुणाचा असणार? ग्रीसला, कावालाच्या बंदरात काढलाय हा फोटो. धक्क्यावर एक ग्रीक आइस्क्रीम खात उभा होता, त्याच्याच हातात तुझ्या आईने कॅमेरा दिला.

रालित्सा : बाबा, एवढ्या प्रवासांचे एवढे फोटो, आणि आईचा एकटीचा एकही नाही?

ल्युबेन : कॅमेरा तिच्याकडे असायचा. स्वतःचा कसा काढणार? फोटो ती काढायची, घरी आल्यावर मी इथे बसून ते नीट करायचो. ती आहे ती फक्त परक्यांनी काढलेल्या फोटोंत. आणि त्या सगळ्यांत मी तिला चिकटलेला.

रालित्सा : मग ओळखपत्रावरचाच छापू या परत.

ल्युबेन : तो नाही. ती गेल्यावर चाळीस दिवसांनी गावभर लावायच्या श्रद्धांजलीच्या कागदावर तोच छापला ना? आपल्या दारावर, बेकरीपुढच्या झाडावर, बसथांब्यावर, जिथे बघावं तिथे तुझी आई नेवेना कोंबड्या चोरताना पकडल्यासारखी. सगळं गाव बघत होतं. सहा महिन्यांच्या कागदावर ती हसायला हवी.

रालित्सा : शनिवारी सहा महिने होतात. छापखाना पाचला बंद होतो. ठरव काहीतरी.

त्सोन्का : (खालच्या मजल्यावरची शेजारीण, आत येत) दार उघडंच टाकलंय तुम्ही. कुणीही शिरेल.

रालित्सा : ये, त्सोन्का मावशी. एवढे जिने चढून आलीस? हाक मारायचीस, मी आले असते खाली.

त्सोन्का : शनिवारी कबरीवर वाटायचे गहू मी भिजवलेत, साखर तुमची घेते. अगं बाई, नेवेना! किती गोड हसतेय. आणि ही बोटं कसली?

ल्युबेन : माझी.

त्सोन्का : ओळखायला हवी होती मी. बाजारात मिरच्या घ्यायला आलास तरी हात हिच्या खांद्यावरच.

ल्युबेन : हरवायची ती. काही दिसलं की फोटो काढायला थांबायची, मी आपला पुढे बोलत चाललेला.

त्सोन्का : ते असू दे. हात पुसून टाक तो. जिवंत माणसाचा हात मेलेल्याच्या कागदावर चालत नाही. मेलेली त्याला आपल्यामागे ओढून नेते.

ल्युबेन : नेऊ दे.

त्सोन्का : ऐक, ऐक हा काय बोलतो!

रालित्सा : ऐकलं. बाबा, आईला पुरून अजून सहा महिने पुरते झाले नाहीत. तुला कधी पुरायचंय? आत्ताच सांग, ऑफिसात रजा टाकून ठेवते.

ल्युबेन : चिडू नकोस गं.

रालित्सा : चिडू नको तर काय करू? फोन उचलत नाहीस. जेवलास का विचारलं की काल जेवलो म्हणतोस. आणि आता हे.

त्सोन्का : बरोबर बोलतेय पोर.

ल्युबेन : तू साखर घे, त्सोन्का. वरच्या फळीवर आहे.

रालित्सा : दुब्रोव्हनिकच्या फोटोतला अख्खा रस्ता रिकामा केला होतास तू. माणसं, केराचे डबे, तारा, सगळं पुसलंस. आई म्हणायची, साथ येऊन गाव ओस पडल्यासारखं केलंय. आणि एक हात पुसवत नाही तुला?

ल्युबेन : ते सगळे परके होते.

रालित्सा : दे इकडे. मी पुसते.

ल्युबेन : तू नको. कोट बिघडवशील तिचा. लोकरीचा आहे, वीण जुळली नाही तर डाग दिसतो. सरक जरा.

रालित्सा : सावकाश कर.

ल्युबेन : हे बघ. दुसऱ्या खांद्यावरचं कापड उचलायचं आणि इथे आणून ठेवायचं. करंगळी गेली.

त्सोन्का : काय बाई एकेक कला असतात.

रालित्सा : अंगठी पण पुसायची?

ल्युबेन : मग काय हवेत लटकत ठेवू?

रालित्सा : तसं नाही रे.

ल्युबेन : ती पण गेली. आता राहिलो मी. मला काय, सरळ कापायचं. हं. झालं.

रालित्सा : बाबा, काय सुंदर केलंस. शेजारी कुणी होतं असं वाटतसुद्धा नाही.

त्सोन्का : खरंच नाही वाटत.

रालित्सा : काय झालं?

ल्युबेन : मान बघ तिची.

रालित्सा : थोडी कललीय. चालेल की. छान दिसतेय.

ल्युबेन : माझ्या खांद्यावर टेकली होती. आता कशावर टेकलीय? कुणीतरी आधार दिला आणि मग बाजूला झालं, तशी दिसतेय. हे मी दारावर लावू? येता-जाता मला वाटत राहणार, आता पडेल.

त्सोन्का : अरे, भिंतीवरची तसबीर सरळ करतो तसं फिरव की थोडं.

ल्युबेन : मागे समुद्र आहे, त्सोन्का. तिला फिरवलं तर तो तिरपा होतो.

रालित्सा : समुद्रच काढून टाकू. कागदावर कुठे हवाय समुद्र? मागे साधा करडा रंग भरते आणि मग तिला सरळ करते. माउस दे, बाबा.

ल्युबेन : घे.

रालित्सा : एवढं पुरे?

ल्युबेन : अजून थोडं.

रालित्सा : असं?

ल्युबेन : हळू, रालित्सा. एकदम उभं केलं की तिला चक्कर येते.