थेट कारखान्यातून

कुरियरच्या रांगेत माझ्यापुढे एक सुतार उभा होता, सोबत त्याचा मेहुणा. सुताराच्या हातातल्या खोक्यात लेझरनं माप घेणारं यंत्र होतं.

"दाजी, नवंकोरं यंत्र परत का पाठवताय?"

"लाल ठिपका झकास पडतो रे. आकडा तेवढा चुकतो."

"तेवढाच ना? म्हणून ताईच्या मैत्रिणीचं कपाट कोनाड्यात शिरेना."

"तू गप्प बस."

"समोरचा दुकानदार म्हणत होता, माझ्याकडून घ्या, बिघडलं तर मी बघतो."

"तो काय बघणार! दुसऱ्याचा माल, वर ह्याचा रुबाब. मी तोंडावर सुनावलं, तू फुकटचा मधला. आम्ही थेट कारखान्यातून मागवतो."

"मग कारखाना काय म्हणतो?"

"कारखाना बोलत नाही. एक दाबा, दोन दाबा, नुसतं संगीत. शेवटी एक बाई आल्या फोनवर. म्हणाल्या, तुमच्या भागातल्या आमच्या अधिकृत विक्रेत्याकडे द्या."

"आणि तो कुठे असतो?"

"रांग सरकली बघ, पुढे हो."

काउंटरवरच्या मुलीनं खोका फिरवून पत्ता वाचला.

"अहो काका, हे तर समोरचंच दुकान! इथून हाक मारलीत तरी ऐकू जाईल."

"हाक मारायची नाहीये. तुम्ही पाठवा."

"बरं. पाठवणाऱ्याचं नाव?"

"ह्याचं घाला. बिघडवलंयही ह्यानंच."